जुनीतून नवीत

११ फेब्रुवारी, बुधवार

दिला राजीनामा! नोकरीचा नाही — युनियनचा.

जेवणाच्या सुट्टीत गेले, भोंग्याच्या टेबलावर कागद ठेवला आणि म्हटलं, "पोच द्या." भोंगा म्हणजे आमच्या जुन्या युनियनचा सेक्रेटरी. बोलायला लागला की कारखान्याचा खरा भोंगा लाजेल, म्हणून हे नाव. आज मात्र त्याचाच आवाज फुटेना. कागद उलटा करून पाहिला, परत सुलटा केला. "तुम्ही? वहिनी, तुम्ही?"

वहिनी म्हणे! इतकी वर्षं काचा घासतेय, तरी ह्यांच्या लेखी मी अजून कोणाची तरी बायको आणि कोणाची तरी सून. पोच द्यायला तयार नव्हता. म्हटलं, ठीक आहे, बसते मग इथेच. खुर्ची ओढली तशी केली त्याने सही.

मशीनवर परत आले तेव्हा पाय हलके वाटत होते. उगाच लिहीत नाही, जिना चढताना धापसुद्धा लागली नाही.

घरी अजून सांगितलेलं नाही. उद्या बघू.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांना सांगितलं. हे आमच्याच कारखान्यात, स्टोअरला असतात. मामंजी फिरायला गेले होते, ती वेळ साधली. शेंगा सोलत बसलो होतो. हे हातातली शेंग रिकामी झाली तरी तीच सोलत राहिले. मग म्हणाले, "बाबांना मी सांगणार नाही हं." नका सांगू, मी सांगेन. "आणि मी तिथेच राहणार. जुनीत." राहा की! मी कुठे तुम्हाला ओढतेय?

कारण विचारलं नाही त्यांनी. त्यांना माहीत आहे. तरी इथे लिहून ठेवते, कारण तोंडाने सांगून सांगून कंटाळले आता.

हात. चष्म्याच्या काचा घासताना मशीनवर सारखं ते दुधासारखं पांढरं पाणी पडत असतं, आणि आमची बोटं दिवसभर त्यात. भेगा पडतात. मऊ कापडाला हात लावला की धागे ओढले जातात. लिंबू पिळायचं तर डोळ्यांत पाणी. हातमोजे आहेत, नाही असं नाही — पुरुषांच्या मापाचे! घातले की काच सटकते, काच फुटली की शेरा. मग कोण घालणार? जुनीकडे किती वेळा गेलो. "पुढच्या करारात घेऊ." पुढचा करार झाला, त्यात कँटीनला पंखे आले. छान आहेत पंखे. हातांचं काय? "पुढच्या करारात."

तेवढ्यात नवी युनियन निघाली. त्यांनी फ्रेमच्या शेडमध्ये मापाचे मोजे आणवले, हात धुवायला वेगळा नळ बसवून घेतला, ओलं काम आणि कोरडं काम आलटूनपालटून करून घेतलं. तिथल्या बायकांचे हात पाहिले, त्याच दिवशी माझं ठरलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

भोंगा मशीनपाशी आला. आज आवाज सापडला होता! "करार संपेपर्यंत कोणालाही सोडता येत नाही. नियम आहे! आणि तो कोणी लिहिलाय, ठाऊक आहे ना? तुमच्या सासऱ्यांनी!"

ठाऊक आहे. युनियन त्यांनीच उभी केली. ऑफिसात फोटो आहे त्यांचा, केस काळे होते तेव्हाचा.

शेजारच्या मशीनवर लवंगी असते. अंगाने एवढीशी, पण तोंड उघडलं की फुटलीच. ती म्हणाली, "काय हो, युनियन आहे की सासर? सोडायचं नाही म्हणजे काय!" सगळी रांग हसली. भोंगा तावातावाने निघून गेला.

मीही हसले. पण घरी मामंजींना सांगायचं अजून बाकीच होतं.

१४ फेब्रुवारी, शनिवार

मामंजींना कळलं. माझ्याकडून नाही, बाहेरून. व्हायचं तेच झालं.

१५ फेब्रुवारी, रविवार

सकाळी खुर्ची खिडकीकडे फिरवून बसले होते. पाठ माझ्याकडे.

"फोन आला होता."

"कोणाचा?"

"ज्याचा यायचा त्याचा. — मी उभी केलेली युनियन. काय कमी पडलं तुला तिथे?"

मी पुढे जाऊन दोन्ही हात त्यांच्यासमोर धरले. त्यांनी पाहिलं आणि मान वळवली. "माझेही हात असेच होते."

"मग तुम्हाला तरी कळायला हवं होतं!"

निसटलं तोंडातून. फारच लागलं असणार त्यांना, कारण त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. दुपारी चहा दिला तर ह्यांना म्हणतात, "तिला सांग, साखर कमी आहे." अहो, मी समोरच उभी! हे आज्ञाधारक. "अगं, साखर कमी आहे म्हणे." मी म्हटलं, "त्यांना सांगा, डॉक्टरांनीच कमी करायला सांगितलीय." हे परत तिकडे वळले, "बाबा, डॉक्टरांनी —"

"ऐकलं मी!"

स्वयंपाकघरात जाऊन हसले. मग थोडं रडलेही. पण एक आहे — आता लपवायचं काही उरलं नाही. जीव मोकळा झाला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

नवीत नाव घातलं! तिथल्या सेक्रेटरी म्हणजे फ्रेमवाल्या बाई. फ्रेमच्या शेडमध्ये आयुष्य गेलं त्यांचं, म्हणून सगळे तसंच म्हणतात. आवाज अगदी खालचा. समोरच्याला वाकून ऐकावं लागतं. त्यांनी फक्त विचारलं, "कोणी सांगितलं म्हणून येताय, की स्वतःहून?" म्हटलं, स्वतःहून. "मग घ्या पेन."

दुपारी मॅनेजरचं बोलावणं. "घासाई विभागात फक्त जुन्या युनियनचे सभासद ठेवायचे, असा आमचा त्यांच्याशी करार आहे. तुम्ही आता सभासद नाही."

मी म्हटलं, "साहेब, ते म्हणतात मला सोडताच येत नाही. तुम्ही म्हणता मी सोडलेलीच आहे. मग मी आहे कुठे?"

"गोदामात," म्हणाले. "उद्यापासून."

आणि महिनाअखेर — पुढच्या महिन्याच्या — जुनीत परत गेले नाही तर कारखान्यात जागा नाही. तसा कागदच हातात दिला.

लवंगीने जाताना पाठीवर थाप मारली. एवढ्याशा हाताची केवढी थाप!

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गोदाम. खोकी दुमडायची, चिकटपट्टी लावायची, थप्पी लावायची. मशीनचा घरघराट नाही. वरच्या झरोक्यातून ऊन येतं आणि थप्प्यांवरून हळूहळू सरकत जातं. माणूसबिणूस कोणी नाही. शिक्षा म्हणून पाठवलंय, तर तोंड पाडून बसायला हवं ना? मी चक्क गुणगुणत होते.

हे दुपारी पावत्यांच्या निमित्ताने डोकावून गेले. खोक्यावर एक संत्रं ठेवलं आणि गेले.

१ मार्च, रविवार

पीठ मळलं. आग झाली नाही!!

५ मार्च, गुरुवार

खरं सांगायचं तर गेले काही दिवस मनात एकच घोळत होतं — कशाला भांडायचं? भांडून मिळणार काय, तर तेच मशीन, तेच पांढरं पाणी. त्यापेक्षा मॅनेजरला गाठावं, म्हणावं, मला कोणतीच युनियन नको, इथेच गोदामात पडून राहू द्या. हात बरे झालेत. भेगा मिटल्या. बोटांची टोकं पुन्हा माझी वाटायला लागलीत.

आज लवंगी जेवायला गोदामात आली. तिच्या दोन बोटांना पट्ट्या. माझे हात ओढून घेतले, उलटेसुलटे केले, बाजारात फळ पारखावं तसे. "अगं बाई! हे तर नव्या नवरीचे हात!" मी हसले. ती हसली नाही. डबा उघडता उघडता म्हणाली, "आम्हाला कधी मिळायची ही शिक्षा?"

मी माझा डबा तसाच झाकून ठेवला.

संध्याकाळी फ्रेमवाल्या बाईंकडे गेले. कामगार कार्यालयात तक्रार त्यांनी आधीच दिली होती, सुनावणी पुढच्या गुरुवारी आहे. म्हणाल्या, "कायदा सरळ आहे. कोणत्या युनियनमध्ये जायचं, कधी बाहेर पडायचं, दुसरीत कधी जायचं — हे कामगाराने ठरवायचं. सेक्रेटरीने नाही, मालकाने तर नाहीच."

"आणि हरलो तर?"

"तर नोकरी जाईल. खोटं कशाला सांगू?"

त्या खोटं बोलल्या नाहीत म्हणूनच बहुतेक धीर आला. लढायचं. मशीनही हवं आणि हातही हवेत. दोन्ही मागायला काय हरकत आहे?

९ मार्च, सोमवार

भोंगा आज घरी! मामंजींच्या पाया पडायचा तेवढा बाकी होता. "दादा, गुरुवारी तुम्ही या. नियम तुमचा आहे. बोलू नका हवं तर, नुसते आमच्या बाजूला बसा. पुरे आहे."

मी चहा ठेवत होते. कान तिकडे. हे दारात उभे, एकदा त्यांच्याकडे बघतात, एकदा माझ्याकडे.

मामंजींची खुर्ची करकरली. मग मामंजींचा आवाज — "येतो."

चहा उतू गेला.

१२ मार्च, गुरुवार

सगळं नीट लिहायचं आहे, एकही गोष्ट गाळायची नाही.

सकाळी मामंजींनी स्वतः शर्टाला इस्त्री केली. मी करून देते म्हटलं, तर ऐकलंच नाही असं दाखवलं. घरातून तिघं एकत्रच निघालो. पुढे ते, मागे मी, मध्ये हे. कार्यालयाच्या दारात हे म्हणाले, "मी बाहेर बाकावर बसतो. कोणाच्याच बाजूला नको." बसले खरंच.

आत लांबलचक टेबल. एका बाजूला मॅनेजर, भोंगा आणि मामंजी. दुसऱ्या बाजूला फ्रेमवाल्या बाई आणि मी. मधोमध अधिकारी बाई, माझ्यापेक्षा लहान, सर्दीने बेजार, रुमाल हातातच. मला आधी वाटलं, हिचं कोण ऐकणार? पण कागद भराभर चाळले आणि थेट मुद्द्यावर. "ह्यांनी लेखी राजीनामा दिलाय. तुम्ही पोच दिलीय. मग अडचण काय?"

भोंगा वाजायला लागला. एकी, शिस्त, इतक्या वर्षांचा लढा! अधिकारी बाईंनी हात वर केला. "हळू बोला. मला सर्दी झालीय, बहिरी नाही झाले."

तेव्हा त्याने हुकमाचं पान टाकलं. "संस्थापक स्वतः आलेत. त्यांनाच विचारा नियमाबद्दल!"

मामंजी उभे राहिले. बसून बोला म्हटलं तरी उभेच.

"हा नियम तुम्ही केलात?"

"हो. मीच केला. लिहिलाही मीच."

संपलंच, म्हटलं. फ्रेमवाल्या बाईंनी टेबलाखाली माझा गुडघा दाबला.

"का केलात?"

"त्या वेळी मालक एकेकाला केबिनमध्ये बोलवायचे. युनियन सोड, नाहीतर घरी बस. घरी पोरंबाळं असतात, माणसं घाबरून सोडायची. म्हणून लिहिलं, की करार चालू असताना कोणी सोडायची नाही. म्हणजे मग माणसाला मालकापुढे हात जोडून सांगता येईल — साहेब, माझी इच्छा आहे हो, पण मला सोडताच येत नाही!"

मला हे माहीत नव्हतं. भोंग्याच्या चेहऱ्यावरून त्यालाही माहीत नसावं.

"आणि आता? ह्यांच्यावर मालकाचा दबाव आहे का?"

मामंजींनी माझ्याकडे पाहिलं. त्या रविवारनंतर पहिल्यांदा. "हिच्यावर? हिच्यावर कोणाचाही दबाव चालत नाही, बाई. मी घरी रोज बघतोय ना!"

मॅनेजरसुद्धा हसला. अधिकारी बाईंनी तोंडाला रुमाल लावला, शिंकल्या की हसल्या कळलं नाही. मामंजी मात्र हसत नव्हते. थांबले, टेबलाची कड धरली आणि म्हणाले, "आज उलटं चाललंय. आज मालक म्हणतोय, युनियनमध्ये परत जा, नाहीतर घरी बस. दम तोच आहे. फक्त आमच्या नावाने दिलाय. ह्याच्यासाठी नव्हता लिहिला मी तो नियम."

"दादा, अहो —"

"बस खाली."

भोंगा बसला!

मग अधिकारी बाई बोलल्या. युनियनचा नियम काहीही असो, तो कायद्याच्या वर नाही. कामगार एक युनियन सोडून दुसरीत जाऊ शकतो. त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही, कारणही द्यावं लागत नाही. असं केलं म्हणून त्याची जागा बदलणं किंवा नोकरीची भीती घालणं बेकायदा आहे. लेखी आदेश येईल, तोवर मला कोणी हात लावायचा नाही.

कारणही द्यावं लागत नाही! आणि मी महिनाभर ज्याला त्याला हात दाखवत फिरले.

बाहेर आलो. हे बाकावरून उठले. "काय झालं?" मामंजी म्हणाले, "तिला विचार." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी थेट माझ्याकडे — "मी जुनीचाच आहे हं. गैरसमज नको."

म्हटलं, "नाही, मामंजी."

पुढे चालायला लागले. चौकात गर्दी होती, तिथे मात्र थांबले. मी पोचेपर्यंत थांबले आणि मग बरोबर रस्ता ओलांडला. कोपऱ्यावर चहा घेतला तिघांनी. त्यांनी जास्तीची साखर मागितली. आज मी काही बोलले नाही.

१३ मार्च, शुक्रवार

झोपून उठले तर उशी गालाला चिकटलेली. किती दिवसांनी कूससुद्धा बदलली नाही. जीव भांड्यात पडला म्हणजे काय ते आज कळलं.

२३ मार्च, सोमवार

आदेश आला. मशीनवर परत! लवंगीने माझं मशीन पुसून ठेवलं होतं. भोंगा समोरून गेला, मान हलवली. मीही हलवली. त्याच्याशी वैर नाही माझं. पंखे त्यानेच आणले होते.

संध्याकाळी हात पुन्हा चुरचुरले. पण आता पुढचा करार आमचा आहे.

१७ एप्रिल, शुक्रवार

दोन बातम्या, दोन्ही गोड!

एक — मोजे आले. लवंगी आणि मी धरून आमची निम्मी रांग आता नवीत, त्यामुळे मॅनेजरला टोलवता आलं नाही. बायकांच्या हातांची मापं घेतली, आणि आज मोजे आले. लवंगीला सगळ्यात लहान. तिने ते घालून दिवसभर काचा घासल्या, एकही निसटली नाही. सुट्टीत मोजे न काढताच नाचली.

दुसरी — ह्यांनी नवीत नाव घातलं! स्वतःहून. मला आधी सांगितलंही नाही. घरी आले आणि म्हणाले, "झालो बरं तुझ्याकडचा." मामंजी पेपर वाचत होते, पेपर खाली केला नाही. नुसतं म्हणाले, "म्हणजे आता जुनीत ह्या घरातून मी एकटाच." रागावले नव्हते. पण पेपर बराच वेळ एकाच पानावर होता.

मला मात्र काय आनंद झाला म्हणून सांगू! चार जणींना जाऊन सांगितलं. नवरा माझ्या पाठीमागून आला, माझं पाहून आला!

६ मे, बुधवार

सगळ्यांनी मिळून मला नवीची प्रतिनिधी केलं. घासाई आणि स्टोअर, दोन्ही विभागांची. टेबल मिळालंय, एक पाय डगमगतो. नाव घालणारे, काढणारे, तक्रारवाले सगळे आता माझ्याकडे येणार. फ्रेमवाल्या बाई म्हणाल्या, "आवाज खाली ठेवा. टेबल मिळालं की तो आपोआप चढतो."

हसण्यावारी नेलं मी.

२१ मे, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत दारात हे. वाटलं डबा विसरले असतील. तर खिशातून कागद काढला. घड्या पडून पडून मऊ झालेला. राजीनामा. नवीचा!

"माझी सगळी माणसं तिकडे आहेत गं. मला तिकडेच बरं वाटतं. मी खरं तर तुझ्यासाठी आलो होतो."

"मग घरी का नाही बोललात?"

खाली बघत म्हणाले, "धीर होईना. किती दिवस घेऊन फिरतोय."

मला घाबरत होते. मला!

ओठांवर आलेलं सगळं गिळलं. पेन शोधलं, पोच म्हणून सही केली. हे तसेच उभे.

"जाऊ मी?"

म्हटलं, "विचारता कशाला?"